अकरा उलटे बिल्ले

एका माणसाच्या हातातलं स्टीअरिंग गेलं ते एका ओळीपायी. ओळही काय, म्हणाल तर अगदी साधी. एकशे त्र्याऐंशी पानांच्या जाडजूड दस्तऐवजात सत्तेचाळिसाव्या पानावर, मुद्दा सहा पूर्णांक चौदा: 'बोर्डावर काही बिल्ले उलटे लावलेले आढळतात. कामाच्या दृष्टीने अर्थ नाही. वगळावे.' ज्यांनी ही ओळ लिहिली ते दुष्ट नव्हते, आळशी नव्हते, अडाणी तर मुळीच नव्हते. त्यांच्या धंद्यात त्यांच्याइतकं बारकाईने लिहिणारं दुसरं कोणी नव्हतं, हे त्यांच्या मागे कुचकुच करणारेही कबूल करायचे. म्हणून तर मला त्यांचा राग येतो, आणि म्हणूनच कीवही येते.

कंपनीत त्यांना सगळे वहीकाका म्हणत. सव्वीस वर्षं तिथे काढलेली, वय बावन्न, कपाळ डोक्याच्या अर्ध्यापर्यंत सरकलेलं. बाकीची मंडळी मांडीवर लॅपटॉप घेऊन खटाखट टाइप करायची तेव्हा हे काखेतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढायचे. "समोरच्याला लॅपटॉप दिसला की तो जपून बोलतो," म्हणायचे. "वही दिसली की बोलता बोलता वाकून बघतो, आणि म्हणतो, अहो, हे नाही, असं लिहा." घरी कपाटाचे दोन कप्पे या वह्यांनी भरलेले होते. बायको म्हणायची, "लोकांच्या घरी कपाटात कपडे असतात. आमच्याकडे दुसऱ्यांच्या गरजा."

त्यांचं काम नक्की काय, हे त्यांच्या आईला मरेपर्यंत कळलं नाही. बिचारीने प्रयत्न केला नाही असं नाही. "तू करतोस काय रे?" असं दर वर्षी एकदा विचारायची. ते सांगायचे, "लोकांना कोणतं सॉफ्टवेअर हवंय ते त्यांना विचारतो आणि लिहून घेतो."

"मग ते बनवून देतोस?"

"नाही. बनवणारे वेगळे."

"अस्सं. म्हणजे हॉटेलात वेटर असतो तसं."

ते हसायचे, पण आईचं फार चुकत नव्हतं. ज्याला हवंय त्याला धड सांगता येत नाही, आणि ज्याला बनवायचंय त्याला धड ऐकायला वेळ नसतो. या दोघांच्या मधे वहीकाका उभे. गिऱ्हाइकाच्या दारी जायचं, चार दिवस ठाण मांडायचं, कोण कुठला कागद कोणाला देतो ते बघायचं, विचारायचं, लिहायचं. शेवटी सगळ्याचं एक बाड करून त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची. एकदा सही झाली की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. बदल हवाच असेल तर तो 'पुढच्या टप्प्यात'. हा पुढचा टप्पा म्हणजे घरातला माळा. आज लागत नाही ते वर टाका, मग काढू. आणि माळ्यावरून कधी काही खाली आलेलं तुम्ही पाहिलंय का? वहीकाकांनीही पाहिलं नव्हतं.

हे काम त्यांना शिकवलं त्यांच्या पहिल्या साहेबांनी. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. पोटाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी या पोराला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "हे बघ, साहेबासमोर विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. ती साक्ष. साक्षीत कोणी खरं बोलतं का? समोर जे उत्तर मिळेल ते लिही आणि शेजारी एक चांदणी काढ. मग त्या माणसाला चहाला घेऊन जा आणि तेच पुन्हा विचार. चहात साखर विरघळेपर्यंत गप्प बस. घोडं कुठे पेंड खातंय ते आपोआप कळेल. आणि एक. चांदणी खोडल्याशिवाय गाव सोडायचं नाही."

सव्वीस वर्षं वहीकाकांनी ही चांदणी पाळली. लोक देवाला इतकं पाळत नाहीत. एकदा तर एका चांदणीसाठी ते स्टेशनवरून परत फिरले होते, सामानासकट. ते गोदामाच्या हिशेबनीसाला घरी जाऊन भेटले आणि गाडी चुकवली. अख्खी कंपनी हसली. मोठे सर मात्र हसले नव्हते.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या हातून हे झालं.

शहराच्या बसगाड्यांचा एक डेपो होता. तिथे दोनशे बारा चालक. कोणत्या चालकाने कोणती गाडी कोणत्या मार्गावर न्यायची, हे रोज ठरवावं लागतं. त्याला ड्यूटी लावणं म्हणतात. तेवीस वर्षं हे काम एकच बाई करत होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे चालकही ताईच म्हणत. ताईंच्या खोलीत एका भिंतीभर लाकडी बोर्ड होता. बोर्डावर ओळीने खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे गोल बिल्ले, आणि प्रत्येक बिल्ल्यावर चालकाचा नंबर. डेपोत माणसाचं नाव कोणी घेतच नाही. "आज पंचाहत्तरचा घसा बसलाय," "एकशे चाळीसला नात झाली," असंच बोलतात. ताई पहाटे यायच्या, हातात चष्मा आणि डोक्यात सगळं शहर, आणि पाऊण तासात दोनशे बारा बिल्ले इकडचे तिकडे करून मोकळ्या व्हायच्या.

डेपो मॅनेजरना हे सगळं संगणकावर हवं होतं. कारणही वाईट नव्हतं हो. कोणीतरी तक्रार केली होती की ताई आपल्या माणसांना सोपे मार्ग देतात. मॅनेजर म्हणाले, "मला निःपक्षपाती पाहिजे. प्रत्येकाला प्रत्येक मार्ग, फिरत्या क्रमाने. यंत्राला ना भाऊ ना भाचा." वहीकाकांनी ते वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते ताईंच्या मागे स्टुलावर जाऊन बसले. बघत राहिले. आणि त्यांच्या लक्षात आलं की काही बिल्ले उलटे लावलेत, नंबर भिंतीकडे आणि कोरी बाजू बाहेर. मोजले. अकरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. अकरा, आणि तेच अकरा. ताई उलट्या बिल्ल्यापाशी आल्या की हात क्षणभर थांबायचा, मग पुढे जायचा. वहीकाकांनी वहीत लिहिलं: 'उलटे ११. रोज तेच. का?'

आता हे त्यांनी तिथल्या तिथे, दोघंच असताना विचारायला हवं होतं की नाही? पण ताईंची घाईची वेळ, म्हणून थांबले. त्याच दुपारी मॅनेजरांच्या खोलीत सगळ्यांची बैठक होती. भिंतीवर पडदा, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आठ माणसं. यादीतला एकेक प्रश्न संपवत वहीकाका तिथे पोचले आणि बोलून गेले, "ताई, ते काही बिल्ले उलटे असतात, ते कशासाठी?"

मॅनेजर मोठ्याने हसले. "काय हो ताई? काय मंत्रतंत्र चाललाय?"

ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मॅनेजरांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. म्हणाल्या, "काही नाही. घाईत लागतात उलटे."

घाईत लागतात, आणि रोज तेच अकरा! शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. वहीकाकांनीही ठेवला नाही. इथे पाणी मुरतंय हे त्यांना लख्ख कळलं. त्यांनी उत्तर लिहून घेतलं आणि शेजारी चांदणी काढली. ठरवलं, पाच वाजता ताईंना चहाला न्यायचं.

साडेचारला कंपनीतून त्यांच्या मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, वयाने वहीकाकांहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने चांगली, पण तारखेच्या बाबतीत दयामाया नाही. शुक्रवारी सही झालीच पाहिजे, गाडी पाठवलीय, लगेच निघा. गाडी खरंच फाटकात उभी होती. वहीकाका सामान आवरताना ताईंच्या खोलीवरून गेले. ताई आत होत्या, फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. त्यांनी हाताने 'थांबा' अशी खूण केली. वहीकाका दोन मिनिटं थांबले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग तेही हाताने 'येतो' अशी खूण करून निघाले.

त्या दोन मिनिटांवर त्यांनी पुढे किती विचार केला असेल, ते त्यांचं त्यांना माहीत. आणखी पाच मिनिटं थांबले असते तर काय आकाश कोसळणार होतं? मॅडम ओरडली असती. ओरडू दे. पण माणूस सव्वीस वर्षं नेम पाळतो आणि एक दिवस हॉर्न ऐकून पाळत नाही.

रात्रीतून बाड लिहायचं होतं. चांदणीपाशी आले तेव्हा मोकळी जागा ठेवता येईना, कारण 'अनिर्णित' असा एकही मुद्दा असला तर मॅडम दस्तऐवज पुढे जाऊ देत नसे. मग त्यांनी ती ओळ लिहिली. सहा पूर्णांक चौदा. कामाच्या दृष्टीने अर्थ नाही. शुक्रवारी मॅनेजरांनी सही केली. ताईंनीही केली. एकशे त्र्याऐंशी पानं त्यांनी वाचली असतील असं कोणाला वाटत असेल तर त्याने सरकारी कचेरीत एक दिवस बसून बघावं. जिथे पिवळा कागद चिकटवला होता तिथे त्यांनी सही केली.

सहा महिन्यांनी यंत्र सुरू झालं. बोर्ड उतरवला. ताईंना मासिक पासच्या खिडकीवर बसवलं. चालक फाटकातल्या यंत्रापाशी आपला नंबर दाबायचे, स्लिप बाहेर यायची, स्लिपवरचा मार्ग आपला. वाद नाही, वशिला नाही. मॅनेजर खूश, कंपनीत पेढ्यांऐवजी केक. वहीकाकांच्या हाती एक काचेचं स्मृतिचिन्ह आलं आणि ते कपाटात वह्यांच्या शेजारी गेलं.

एकोणिसाव्या दिवशी यंत्राने एकशे सात नंबरला एकवीस नंबरचा मार्ग दिला.

एकशे सात म्हणजे अबोल गडी. सतरा वर्षं नोकरी, एक ओरखडा नाही. फक्त चार वर्षांपूर्वी, एकवीस नंबरच्या मार्गावर, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी सायकलवरून गल्लीतून सुसाट आला आणि थेट चाकाखाली गेला. चौकशी झाली, एकशे सातची काही चूक नव्हती असं ठरलं, आठवड्याने तो कामावर आला. तेव्हापासून ताईंनी त्याला त्या वळणावर एकदाही पाठवलं नव्हतं. बिल्ला उलटा. कोणाला सांगायचं नाही. कारण 'या चालकाला अमुक वळणाची धास्ती वाटते' असं एकदा कागदावर आलं की साहेब लोक म्हणणार, मग चालवतो कशाला, उतरवा चाकावरून. बाकी सगळं शहर तो डोळे मिटून चालवत होता. एका वळणासाठी त्याची भाकरी जाऊ नये, एवढंच ताईंचं म्हणणं.

त्या दिवशी एकशे सातने स्लिप वाचली. बघतो तर ताईंच्या खोलीला कुलूप. यंत्रापाशी उभा राहिला थोडा वेळ. यंत्राला काय सांगणार? मागे रांग होती. त्याने गाडी काढली. टाकीजवळच्या वळणापर्यंत नीट गेला. तिथे त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, चावी सीटवर ठेवली, आणि खाली उतरून चालत निघाला. गाडीत त्रेचाळीस माणसं. चाळीस मिनिटं ती तिथे अडकून पडली. एकशे सात चालत चालत डेपोत आला आणि जिथे बोर्ड होता त्या भिंतीला बाहेरून टेकून बसला. संध्याकाळपर्यंत त्याच्या हातात निलंबनाचं पत्र होतं.

हे वहीकाकांना कळलं ते कसं, ते ऐका. डेपोतून यंत्राबद्दल तक्रार आली. कंपनीतल्या मुलांनी तपासली. चालकाला मार्ग नको होता, यंत्राने फिरत्या क्रमाने दिला, म्हणजे यंत्र बरोबर. तक्रारीखाली लिहिलं, 'जसं लिहून दिलंय तसंच चालतंय. तक्रार बंद.' फक्त नियमाप्रमाणे कुठे लिहून दिलंय त्याचा क्रमांक जोडायचा होता, म्हणून एकाने वहीकाकांना विचारलं, "काका, बिल्ल्यांचं काहीतरी होतं ना, कितवा मुद्दा?" वहीकाकांनी बाड उघडलं. सत्तेचाळिसावं पान. मग घरी जाऊन वही उघडली. चांदणी तशीच होती, न खोडलेली.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून पासच्या खिडकीवर उभे राहिले, रांगेत. त्यांचा नंबर आला तेव्हा ताईंनी वर पाहिलं.

"आता आलात होय चहाला?" ताई म्हणाल्या.

चहा झाला. साखर विरघळायची वाट बघावी लागली नाही, ताईंनी सगळं घडाघडा सांगितलं. अकराही जणांचं. एकाची बायको आठवड्यातून दोनदा दवाखान्यात, त्याला त्या दिवशी दूरचा मार्ग नको. दोघे सख्खे भाऊ, एका भांडणापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यांना एकाच वेळी एका थांब्यावर आणायचं नाही. कारणं अकरा, अर्थ एकच: याला विचारल्याशिवाय ड्यूटी लावू नये.

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीत?" वहीकाकांनी विचारलं.

"साहेबांसमोर? बरे आहात ना?" ताईंचा आवाज चढला. "मी थांबा म्हणून खूण केली होती तुम्हाला. फोन ठेवून बाहेर आले तर गाडी फाटकाबाहेर."

वहीकाकांनी वही उघडून ते पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"झालं ते झालं," ताई म्हणाल्या. "त्याची चौकशी पंधरा तारखेला आहे. मी बोलणारच, पण मी तर लपवणारी ठरले, माझं कोण ऐकतंय? तुम्ही बाहेरचे. तुमच्या वहीत अकरा लिहिलंय, तारखेसकट. एक कागद द्या मला. लिहा की अशी रीत होती, आम्ही ती बघितली, आणि कोणाला न सांगता काढून टाकली. एवढंच. म्हणजे निदान कळेल की तो माजोरीपणाने गाडी टाकून गेला नाही. नोकरी वाचेल त्याची."

"देतो," वहीकाका म्हणाले. "पंधराच्या आत देतो." वहीत तारीख लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या. हातात नऊ दिवस होते.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "कागद घे, लिही, सही कर आणि उद्या सकाळी नेऊन दे. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचंच होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलंही. 'चूक माझी आहे' हे वाक्य त्यात होतं. आणि मग, काय सांगू तुम्हाला, या माणसाने तो कागद तपासणीला पाठवला. सव्वीस वर्षांत दुसऱ्याने तपासल्याशिवाय त्यांच्या हातून एक पान बाहेर गेलं नव्हतं. हात धुतल्याशिवाय जेवायला बसवत नाही ना काहींना, तसं. आपलं लिहिलेलं कोणी न बघता द्यायचं, ही कल्पनाच त्यांच्या अंगात शिरेना. शिवाय मनात कुठेतरी नोकरीची भीती होती, ती नव्हती असं मी म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा सवय मोठी होती.

मॅडमने वाचलं, गंभीर झाली. म्हणाली, "काका, तुमचं मन मला कळतं. पण 'चूक' नको. 'त्रुटी' म्हणू." आवृत्ती दोन. मग कायद्याचं बघणारे गृहस्थ म्हणाले, 'माझी' म्हणजे कंपनीची असं वाचलं जाईल, तर ती जबाबदारी कोणाची ते स्पष्ट करा. आवृत्ती तीन. गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, सुरुवातीला डेपोचे आभार हवेत. आवृत्ती चार. वहीकाका प्रत्येक शेऱ्याला मुद्देसूद उत्तर देत होते, तांबडे शेरे निकालात काढून हिरवे करत होते. बायकोने बाराव्या तारखेला विचारलं, "दिलंस का?" म्हणाले, "अंतिम होतंय." चौदाला विचारलं, "अरे, उद्या आहे ना?" म्हणाले, "फक्त एक सही राहिलीय."

"मग पहिला कागद ने ना! तुझ्या सहीचा!"

"तो अजून मंजूर नाही," वहीकाका म्हणाले.

"तुझी चूक मंजूर करायला तुला कमिटी लागते?" एवढं बोलून ती आत गेली, आणि त्या घरात चार दिवस कामापुरतंच बोलणं झालं.

पंधरा तारखेला सकाळी अकराला डेपोत चौकशी सुरू झाली तेव्हा वहीकाका बैठकीच्या खोलीत होते. पडद्यावर त्यांचं पत्र होतं आणि चार माणसं तिसऱ्या परिच्छेदावर अडली होती. घड्याळ समोर होतं. ते उठून जाऊ शकत होते. टॅक्सीने पंचवीस मिनिटं. दोनदा खुर्ची मागे सरकवली सुद्धा. उठले नाहीत.

सतरा तारखेला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, पत्र मंजूर झालं. आवृत्ती सात. कंपनीचं मानचिन्ह, दोन सह्या, जोडपत्र म्हणून वहीच्या पानाची प्रत. वहीकाका ते घेऊन धावतच पासच्या खिडकीवर गेले. ताईंनी पाकीट उघडलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि खिडकीतून परत सरकवलं.

"काल काढलं त्याला," म्हणाल्या. "त्यांनी मला विचारलं, तुमच्या म्हणण्याला पुरावा काय? मी म्हटलं, येतोय. अर्धा तास थांबले ते. माझ्या शब्दावर." मग मागच्या माणसाला म्हणाल्या, "हं, फोटो आणलाय का?"

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, ते हेच.

वहीकाकांनी त्यानंतर दोन गोष्टी केल्या. पहिली, यंत्रात एक सोय असावी, 'या चालकाला विचारल्याशिवाय मार्ग देऊ नये', कारण विचारू नये, असा बदल लिहून पाठवला. सुरेख लिहिला. दुसरी, एकशे सातचा पत्ता काढला. त्याला भेटायला मात्र चार महिने लागले. रोज ठरवायचे, रोज काहीतरी निघायचं.

एकशे सात आता शहराबाहेर एका लाकडाच्या वखारीच्या फाटकावर होता. ट्रक आला की नंबर लिहायचा, दांडी वर करायची, ट्रक गेला की खाली. दुपारची वेळ, भुशाचा वास, पत्र्याच्या केबिनमध्ये दोन खुर्च्या. वहीकाका दारात उभे राहिले आणि नाव सांगायला तोंड उघडलं.

"ओळखलं," एकशे सात म्हणाला. "तुम्ही ते वही घेऊन बोर्डासमोर बसायचात. या, बसा."

वहीकाका बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "चूक माझी होती. मला कळलं होतं, विचारायचं होतं, आणि मी विचारलं नाही. नंतर कागद द्यायचा होता, तोही वेळेत दिला नाही. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली." हे मात्र ते कोणाला न दाखवता बोलले.

एकशे सातने दुसरी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "बसा हो." ते बसले. "तुम्ही मला विचारलं असतंत ना साहेब, तरी मी सांगितलं नसतं. ताईंनी कारण कधी विचारलंच नाही. अपघातानंतर कामावर पहिल्या दिवशी गेलो, त्यांनी एकवीसचा कागद पुढे केला, आणि माझा हात असा..." त्याने हात पुढे करून दाखवला. "त्यांनी कागद मागे घेतला, दुसरा दिला. बिल्ला फिरवला. संपलं. चार वर्षांत त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही."

वहीकाकांनी पिशवीतून पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्याने आवृत्ती सात सावकाश वाचली, जोडपत्रासकट. वहीच्या पानावर बोट ठेवलं.

"अकरा आम्ही," म्हणाला. "मी गेलो, म्हणजे दहा राहिले. ते अजून चालवतायत. पंचाहत्तरच्या बायकोचं दुखणं वाढलंय म्हणतात." त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, खरोखरची काळजी होती. "त्यांचं काही केलंत का यंत्रात?"

"हो, हो," वहीकाका घाईघाईने म्हणाले. बऱ्याच वेळाने सांगण्यासारखं काही सापडलं होतं. "लिहून दिलंय मी. सगळं तपशीलवार. पुढच्या टप्प्यात घेतलंय."

बोलले, आणि त्यांच्याच कानांवर ते शब्द पडले.

"बरं झालं," एकशे सात म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे कधी?"

बाहेर हॉर्न वाजला. तो उठला, ट्रकचा नंबर लिहिला, दांडी वर केली, ट्रक जाऊ दिला आणि दांडी खाली घेतली. वहीकाका गुडघ्यावर वही घेऊन तसेच बसले होते. एकशे सात परत आला, समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्यांच्या उत्तराची वाट बघू लागला.